दारातले टेकू

बारलिंगे भाऊजी कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीशी बोलत, मग माणसांशी. चपला बाहेर काढायच्या, उंबरा ओलांडायचा आणि उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून भिंतीवर ठक् ठक् करायचं. मान खाली, कान तिरपा. मग चार पावलं सरकून पुन्हा ठक् ठक्. घरातली बाई पाण्याचा पेला घेऊन उभी राहायची, पण तिच्याकडे बघायला त्यांना सवड नसायची. मयताच्या घरी भेटायला गेले तरी हेच. एकदा तर मी त्यांना तेराव्याच्या जेवणाला पंगतीतून उठून खांब वाजवताना पाहिलं आहे, आणि माझ्याच्याने हसू आवरेना म्हणून मी पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाले होते.

भोपाळला पिपलानीच्या आमच्या क्वार्टरांमधली पोरं त्यांना ठकठक काका म्हणायची. आमची दोन घरं लागून, मध्ये एकच भिंत. माझे यजमान आणि ते एकाच कारखान्यात. हे मशीनवर, ते बांधकाम विभागात. वसाहतीत जे काही बांधलं जाई, क्वार्टर म्हणा, नाली म्हणा, कंपाउंडची भिंत म्हणा, त्याचा माल आला की तो पास करायचं काम भाऊजींचं. विटा, रेती, गिट्टी, सिमेंट, सळ्या. ट्रक आला की ठेकेदाराचा माणूस आधी त्यांच्यासाठी खुर्ची आणायचा आणि मग चहा. खुर्चीवर ते बसायचे, चहा मात्र कधी घेतला नाही.

आम्ही पुण्याहून नवीन आलो तेव्हा पहिल्याच दिवशी ते आमच्याकडे आले, भिंत वाजवली आणि म्हणाले, इथे कपाट नका ठेवू वहिनी, आत पोकळ होऊन राहिलं आहे, ओल येईल. मी आधीच सामान उपसून वैतागले होते. म्हटलं, भाऊजी, चहा माणसाला करू की भिंतीला? ते जराही हसले नाहीत. मी हट्टाने कपाट तिथेच ठेवलं. त्या पावसाळ्यात माझ्या लग्नातल्या पैठणीला बुरशी लागली. मालतीताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ती माझ्याबरोबर बसून मऊ फडक्याने एकेक पदर पुसली आणि पुसतापुसता म्हणाल्या, "सुनंदा, यांचं एक वाईट आहे बघ. यांचं खरं निघतं."

मालतीताई अमरावतीच्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, आणि बोलायला अशा की ऐकणाऱ्याने हातातलं काम खाली ठेवावं. मूलबाळ नव्हतं. संसार त्या क्वार्टरमध्येच झाला आणि त्या संसाराचा पहिला नियम असा की भिंतीला खिळा ठोकायचा नाही. भिंत कारखान्याची. तिला भोक पाडलं तर आत पाणी जाणार, पाणी गेलं की सळई गंजणार, सळई गंजली की स्लॅब फुगणार. भाऊजी हे इतक्या गंभीरपणे सांगत की एका खिळ्याने आख्खं पिपलानी कोसळणार आहे असं वाटे. त्यामुळे मालतीताईंच्या घरात देवाचा फोटो टेबलावर, आरसा खुर्चीत आणि कॅलेंडर खिडकीच्या गजाला दोरीने बांधलेलं. त्या म्हणायच्या, "लग्न झाल्यापासून माझं कॅलेंडर फाशीच घेऊन राहिलं आहे."

त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेचे पेले ओळीने मांडलेले असत. प्रत्येकात पाणी आणि तळाशी रेती. रेती पाण्यात ढवळून ठेवायची, मग वर मातीचा थर किती बसतो ते बघायचं. थर जाड बसला की त्या रेतीत माती फार, ती बांधकामाला नको. कारखान्यात यासाठी सगळी साधनं होती, पण भाऊजींना घरी पुन्हा बघितल्याशिवाय झोप यायची नाही. माझा दीर एकदा भर उन्हात आला, तहानेने घसा कोरडा, त्याने खिडकीतला एक पेला उचलला आणि तोंडाला लावला. भाऊजी धावत आले. आम्हाला वाटलं, त्याच्या काळजीने. ते म्हणाले, "अरे बाप्पा, हलवलं नं तुम्ही. आता पुन्हा बसायला रात्र जाईल."

अशा माणसाने स्वतःचं घर बांधायला घेतलं की काय होईल? काहीच होत नाही. कोटरा सुल्तानाबादला त्यांनी तरुणपणीच प्लॉट घेऊन ठेवला होता. तिथे शेजारीपाजारी घरं उठली, त्या घरांतली मुलं मोठी होऊन परदेशी गेली, काहींनी वरचे मजले चढवले, आणि भाऊजींच्या प्लॉटवर बेशरमाची झुडपं तशीच. एका वर्षी नर्मदेची रेती मातकट आली. पुढल्या वर्षी विटा भट्टीतून कच्च्या निघाल्या. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की धातूसारखा आवाज यायला हवा, तो येईना. त्यानंतर सिमेंटच्या गोण्यांत हात घातला तर ताज्या सिमेंटसारखं गार लागेना. दर दिवाळीला मालतीताई विचारायच्या आणि दर दिवाळीला भाऊजी सांगायचे, यंदा माल बरोबर नाही, घाई करू नये. त्या माझ्याकडे येऊन म्हणायच्या, "आमच्या यांना विटेतली खोट दिसते. वर्षं गेलेली दिसत नाहीत."

त्यांचं मागणं फार मोठं नव्हतं. त्यांच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या उभ्या राहत. विदर्भातल्या घरांत या सणाची केवढी ऊठबस असते ते मला पुण्याच्या बाईला त्यांच्याकडे बघून कळलं. सोळा भाज्या, आंबील, पुरणाची पोळी, आणि त्या दोघी जणी जरीच्या साड्या नेसून कोपऱ्यात उभ्या. सासूकडून आलेले पितळी मुखवटे मालतीताई आठवडाभर आधी चिंचेने घासायच्या. त्यांची इच्छा एवढीच होती की एकदा तरी महालक्ष्म्या आपल्या घरात, आपल्या भिंतीशी उभ्या कराव्यात. "यांना दर वर्षी दुसऱ्याच्या घरी बोलावते आहे मी," त्या म्हणायच्या. "त्या येतात बिचाऱ्या. पण माझी मलाच लाज वाटते."

भाऊजींचं मुहूर्ताशी कसं होतं तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्या मराठी मंडळाचं सभागृह बांधायचं ठरलं तेव्हा भूमिपूजनाला भाऊजींना मानाने बोलावलं. खड्ड्यात पहिली वीट त्यांनी ठेवायची. गुरुजींनी हळदकुंकू लावून वीट त्यांच्या हातात दिली. त्यांनी शेजारची दुसरी वीट उचलली आणि दोन्ही एकमेकींवर आपटल्या. भद्द आवाज आला. हळद लावलेली वीट त्यांनी बाजूला ठेवली आणि म्हणाले, ही नाही चालणार. गुरुजी म्हणाले, अहो, पूजेची वीट आहे, खाली मातीत जायची, मुहूर्ताला चारच मिनिटं उरली आहेत. अध्यक्ष घड्याळ दाखवायला लागले. बायका अक्षता हातात धरून उभ्या. भाऊजी शांतपणे म्हणाले, "मुहूर्त गेला तर दुसरा मिळेल. ही वीट खाली गेली की वर काढता येणार नाही."

त्यांनी माणूस पाठवून गोविंदपुऱ्याच्या एका गोदामातून चांगल्या विटा मागवल्या, त्यातली एक निवडली आणि ती खड्ड्यात ठेवली. मुहूर्त केव्हाच टळला होता. गुरुजी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. आम्ही मात्र ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असू, आणि सांगताना थोडा अभिमानही वाटायचा. आता सांगवत नाही.

भाऊजी निवृत्तीला आले त्या वर्षी दिवाळीनंतर मालतीताईंचं पोट दुखायला लागलं. आधी ॲसिडिटी म्हणून काढलं, मग तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी भाऊजींना आणि माझ्या यजमानांना बाहेर बोलावून सांगितलं की पुढची दिवाळी धरू नका. कॅन्सर पसरला होता. भाऊजी घरी आले आणि पहिल्यांदाच त्यांनी आमच्या घरात येऊन भिंत वाजवली नाही. खुर्चीवर बसले आणि यांना म्हणाले, "घर सुरू करतो. भाद्रपदाच्या आत झालं पाहिजे."

संक्रांतीनंतर कोटऱ्याच्या प्लॉटवर पाया खणला गेला. रामसेवक मिस्त्रीला त्यांनी सागरजवळच्या त्याच्या गावाहून बोलावून घेतलं. रामसेवकने वसाहतीत वर्षानुवर्षं काम केलेलं, सडपातळ, डोक्याला कायम लाल गमछा. भाऊजी त्याच्या भिंती पाडायला लावत, तो तोंडाने कुरकुरत पाडायचा आणि पुन्हा बांधायचा. दोघांचं भांडण ऐकावं असं. भाऊजी म्हणायचे, रामसेवक, तुझा ओळंबा दारू पिऊन आला आहे. तो म्हणायचा, "बाऊजी, ओळंबा तो सूफी है, पीता नहीं, आपका चश्मा उतर गया है." पण बाहेरच्या माणसाने भाऊजींना काही म्हटलं की रामसेवक थापी खाली ठेवून उभा राही. बाऊजींचा शब्द म्हणजे त्याला स्लॅबची सळई. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं, एकदाही त्यांचं चुकलेलं त्याने पाहिलं नव्हतं.

कामात खोट अशी काही राहू दिली नाही. रेतीसाठी भाऊजी स्वतः नदीपर्यंत जाऊन आले. विटा एकेक वाजवून घेतल्या. उन्हाळ्यात भोपाळला पाण्याची बोंब, नळ एक दिवसाआड, तरी टँकर मागवून भिंतींची तराई चालू. नवीन बांधकामाला पाणी पाजत राहणं म्हणजे तराई. ती झाली नाही तर चांगलं सिमेंटही भुसभुशीत होतं. मालतीताईंना मी अधूनमधून रिक्षाने तिथे घेऊन जायची. त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या, पायांवर शाल घ्यायच्या, उन्हाळा असून. एकदा हॉलचा पूर्वेकडचा कोपरा दाखवून मला म्हणाल्या, इथे उभ्या राहतील दोघी. मग भाऊजींना हाक मारून म्हणाल्या, इथे एक खिळा मी ठोकणार आहे, आताच सांगून ठेवते. भाऊजी म्हणाले, दोन ठोक.

समोरच्या दारावर पुढे आलेला मोठा छज्जा हवा, हे मालतीताईंनी उशिरा सांगितलं. केस वाळवायला बसेन, तळ्याकडून वारा येतो, असं काहीतरी. केस तोवर औषधांनी गेले होते. भाऊजींनी स्लॅब टाकताना पुढे सळ्या सोडून ठेवल्याच होत्या. बाकी सगळं घर झाल्यावर त्यांनी छज्जा भरून घेतला. त्याला खालून बल्ल्यांचे, म्हणजे लाकडी वाशांचे, टेकू दिले, उभ्या बल्ल्या आणि त्यांना दोरखंडाने बांधलेल्या आडव्या. ते सगळं जंगल नेमकं समोरच्या दारात. पुढे लोंबणारा छज्जा म्हणजे बाकीच्या स्लॅबपेक्षा जास्त दिवस टेकू लागतात, हे ते स्वतःच आम्हाला जेवताना समजावून सांगत असत, हातात पोळी धरून.

गुरुजींनी वास्तुशांतीचा मुहूर्त काढला तो ज्येष्ठातला, टेकूंचे दिवस भरायच्या आतला. त्यानंतर थेट पावसाळा उलटल्यावर. मालतीताई तेव्हा भात गाळून घेतलेलं पाणीच काय ते पीत होत्या. मुहूर्ताच्या चार दिवस आधी गुरुजी घर बघायला आले, दारातल्या बल्ल्या पाहिल्या आणि थबकले. माणूस भला, आडमुठा नव्हे. म्हणाले, टेकूवर उभ्या दारातून गृहप्रवेश होत नाही बारलिंगे, दार मोकळं लागतं. पण अडचण असेल तर मागच्या, स्वयंपाकघराच्या दारानं करू, मी संकल्पात सांभाळून घेईन.

भाऊजींनी ऐकलं नाही. ते म्हणाले, "जन्मभर तिला थांबवलं. आता घरात काय मागल्या दारानं नेऊ?" मालतीताईंना यातलं काही सांगायचं नाही, अशी त्यांनी आम्हा सगळ्यांना ताकीद दिली. तिच्या जिवाला आता एवढाही घोर नको, म्हणाले. आम्ही ती पाळली.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी दुपारी मी कळशी, परात, दूध उतू घालायचं नवं पातेलं असं सगळं रिक्षात घालून कोटऱ्याला गेले. ऊन मी म्हणत होतं. रामसेवक आणि दोन मजूर सावलीला बसले होते. भाऊजी एका स्टुलावर चढले. छज्ज्याच्या खालच्या बाजूला बोट वाकवून त्यांनी ठक् ठक् केलं.

मी इतकी वर्षं त्यांना वाजवताना पाहिलं आहे. वाजवलं की त्यांचा कान तिरपा व्हायचा, मग ते क्षणभर थांबायचे. त्या दुपारी कान तिरपा झाला नाही. आवाज यायच्या आतच ते स्टुलावरून उतरायला लागले होते. आणि बोटाने वाजवून स्लॅब पिकला की नाही हे कळत नसतं, हे त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक होतं?

"खोल दे," ते म्हणाले.

रामसेवकने गमछ्याने तोंड पुसलं. वर पाहिलं, मग भाऊजींकडे पाहिलं. "पक्का, बाऊजी?"

"पक्का."

त्याने पुन्हा विचारलं नाही. मजुरांना मागे सरायला सांगितलं आणि स्वतः एकटा खाली शिरला. हातोडीने एकेक टेकू मोकळा करत बाहेरून आत येत गेला. भाऊजी माझ्याजवळ उभे होते आणि मला सांगत होते की तोरणाला आंब्याची पानं पिपलानीच्या झाडाचीच आणा, मालतीला तीच आवडतात. शेवटचा टेकू निघाल्यावर रामसेवक दारातच उभा राहिला, आमच्याकडे बघून हसला आणि हातोडी खांद्यावर टाकली. मग छज्जा खाली आला. मोठा आवाजही झाला नाही. धूळ उडाली आणि परातीवर वाळूचे दाणे पडल्याचा आवाज मला ऐकू आला, तो मला अजून ऐकू येतो.

मजूर आणि शेजारचे लोक धावले. भाऊजींनी हातांनी ढिगारा उपसला. नखं निघाली त्यांची. रामसेवकला बाहेर काढलं तेव्हा लाल गमछा डोक्यालाच होता. दवाखान्यात नेलं, पण तो तिथे पोचायच्या आधीच गेला होता. भिंतीतून सळ्या तेवढ्या वाकून खाली लोंबत राहिल्या.

संध्याकाळी पोलीस आले तेव्हा वसाहतीतले चार शहाणे लोक भाऊजींच्या कानाशी लागले. सिमेंट खराब निघालं म्हणा. मिस्त्रीने न विचारता टेकू काढले म्हणा, तो काय आता सांगायला येतो आहे का. मी तिथेच होते. असं बोलणाऱ्यांत माझे यजमानही होते, हेही सांगून टाकते. भाऊजींनी कुणाकडे पाहिलं नाही. इन्स्पेक्टरला म्हणाले, "माल में कोई कमी नहीं थी. रेती, सीमेंट, सरिया, सब मैंने देखा है. मिस्त्री ने पूछा था. मैंने कहा, खोल दे."

पुढे जामिनावर सुटल्यावर ते सागरजवळच्या त्या गावी गेले. हे त्यांच्याबरोबर होते. रामसेवकची बायको, फूलवती तिचं नाव, ओसरीत बसली होती. भाऊजींनी तिच्यापुढे घराची किल्ली ठेवली आणि म्हणाले, ते घर तुझं, ये, राहा. तिने किल्लीला हात लावला नाही. उस छत के नीचे मुझे नींद आएगी, बाऊजी? एवढंच ती म्हणाली. मग तिने दुसरं विचारलं, की टेकू काढायच्या आधी त्यांनी तुम्हाला विचारलं होतं का. भाऊजी म्हणाले, हो, विचारलं होतं. तिने मान हलवली, उठली आणि आतून त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली. परतीच्या वाटेवर गाडीत भाऊजी म्हणाले, तिने मारलं असतं तरी चाललं असतं, पाणी नव्हतं द्यायचं. यांनी घरी येऊन मला सांगितलं आणि जेवले नाहीत.

वास्तुशांत झालीच नाही. मालतीताई क्वार्टरमध्येच राहिल्या. अपघात झाला हे त्यांच्यापासून लपणार कसं? पण टेकू का काढले हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, काहीतरी कामातली चूक झाली. त्या भाद्रपदापर्यंत राहिल्या. महालक्ष्म्या त्या वर्षीही कारखान्याच्याच भिंतीशी उभ्या राहिल्या. मीच केलं सगळं, त्या पलंगावरून बघत होत्या. प्रसादाला गुरुजी आले होते. भोळा माणूस, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, वहिनी, मी दारातल्या टेकूंचं बोललो नसतो तर तो मिस्त्री आज जिवंत असता.

मालतीताईंनी सगळं विचारून घेतलं. एकेक. मागच्या दाराचं, मुहूर्ताचं, त्यांना सांगायचं नाही म्हणून दिलेल्या ताकिदीचं. भाऊजी औषधाचा चमचा हातात धरून पलंगाशी उभे होते. मी उठून जायला लागले तर मालतीताईंनी माझा हात धरून ठेवला.

"तुम्ही मला विचारायचं होतं," त्या भाऊजींना म्हणाल्या. आवाज अगदी खोल गेला होता, पण शब्द स्वच्छ. "मी वाकून गेले असते नं त्या टेकूंमधून. मला कुठे ताठ मानेनं जायचं होतं? घरात जायचं होतं."

भाऊजींच्या हातातलं औषध चादरीवर सांडलं. कुणी पुसलं नाही.

महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं आणि त्याच आठवड्यात त्या गेल्या. जायच्या आधी मुखवटे माझ्या ओटीत घातले होते. म्हणाल्या, तू पुण्याची, तुझ्याकडे खड्यांच्या गौरी, पण यांना उभं राहायला एक कोपरा दे. तो मी दिला आहे. सोळा भाज्या मला जमत नाहीत, होतील तेवढ्या करते.

क्वार्टर सोडावं लागल्यावर भाऊजी कोटऱ्याच्या त्या घरात एकटे राहायला गेले. खटला चालू आहे. तारीख पडते, ते जातात, साहेब सुट्टीवर असतात, ते परत येतात. वकील अजूनही त्यांना सुचवून बघतो की थोडं वेगळं बोललं तर सुटाल. ते म्हणतात, मी बोललो ते लिहिलेलं आहे. फूलवतीकडे ते होळीनंतर एकदा जाऊन येतात. ती पाणी देते, ते पितात. पुढचं काही बोलणं होतं की नाही मला माहीत नाही.

मला त्यांचा राग येतो. स्पष्टच सांगते. एका सुभाषितासारख्या माणसाने एका दुपारी दोन घरं पाडली, आणि तीही प्रेमापोटी, म्हणजे धड शिव्याही देता येत नाहीत. राग येतो आणि दर भाद्रपदात मी पुरणपोळीचा डबा घेऊन कोटऱ्याला जाते.

पहिल्यांदा गेले तेव्हा फाटकातच थबकले. छज्जा नव्हताच, भिंतीतून गंजलेल्या सळ्या वाकून बाहेर आलेल्या होत्या, आणि त्यांच्या खाली, समोरच्या दारात, पुन्हा बल्ल्या उभ्या होत्या. उभ्या आणि आडव्या, दोरखंडाने घट्ट बांधलेल्या, अगदी होत्या तशा. वर पेलायला काही नाही. त्या टेकूंवर टेकलेलं होतं ते फक्त आकाश. मी वाकून आत गेले तरी आडव्या बल्लीला डोकं आपटलंच. आतल्या भिंती स्वच्छ, पांढऱ्या. पूर्वेकडच्या कोपऱ्यात दोन खिळे ठोकलेले होते. एकावर कॅलेंडर होतं. दुसरा रिकामा.

ह्या वर्षीही गेले. भाऊजी फार वाळले आहेत. भिंत वाजवणं त्यांनी त्या दुपारपासून सोडलं. आता कुणाच्या घरी जात नाहीत, गेले तर हात पाठीमागे बांधून उभे राहतात. त्यांनी डबा घेतला, पोळी ताटलीत काढून त्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवली आणि मग माझी विचारपूस केली. निघताना मला राहवलं नाही. म्हटलं, भाऊजी, काढून टाका ना आता ते दारातलं. तुमचं वय झालं, रात्रीबेरात्री पडाल. मागचं दार आहे, निदान तिकडून तरी येत जा.

"नाही वहिनी," ते म्हणाले. "ती याच दारानं आली असती."

मला फाटकापर्यंत सोडायला ते बाहेर आले. रिक्षा निघेपर्यंत उभे राहिले. मग माघारी गेले. मी मागच्या काचेतून बघत होते. दाराशी पोचल्यावर त्यांनी एका हाताने उभी बल्ली धरली, दुसरा हात गुडघ्यावर ठेवला, आणि आडव्या बल्लीखालून जायला लागतं त्याहून कितीतरी खाली, पार मालतीताईंच्या उंचीइतके वाकून ते आत गेले.